आरसेमहालातली नोंद

४ सप्टेंबर

भिंगरे,

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तीनदा नाही म्हणाली, चौथ्यांदा मी रडले तेव्हा दिला. ते रडणं अर्धं नाटक होतं हे तिलाही कळलं असणार, सख्खी बहीण आहे माझी.

तू बस चालवतेस असं ती म्हणाली. मी दोनदा विचारलं, "तिकिटं फाडते का?" तर म्हणे, "नाही गं, चालवते." घरात हातात कपबशी धड राहत नव्हती तुझ्या, आणि आता पन्नास माणसं घेऊन गावभर फिरतेस! पायाला भिंगरी होतीच, तिला चाकं लागली एवढंच. मला बरं वाटलं. हसू नकोस, खरंच वाटलं.

इकडे विशेष काही नाही. परवा नवी तुकडी आली. समुद्रापलीकडच्या विद्यापीठातली चोवीस पोरं, तीन महिन्यांसाठी, नेहमीसारखीच. दोघांच्या बॅगा हरवल्या, एकीला पहिल्याच संध्याकाळी घर आठवून रडू फुटलं, आणि सगळ्यांनी माना वर करून छताकडे बघत तेच विचारलं, "आम्ही खरोखर राजवाड्यात राहणार?" मी म्हटलं, राहा की, पण भिंतीला खिळा ठोकलात तर राजाच्या आधी मी येईन.

दोन दिवस नोंदवही घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडले. तू लहानपणी टॉर्च धरायला यायचीस ते आठवतं का? समोरून मारला तर सगळं लखलखीत दिसतं आणि चरा एकही दिसत नाही. भिंतीला टेकवून आडवा धरायचा, मग शंभर वर्षांचे ओरखडे उठून येतात. प्रत्येक ओरखडा वहीत, शेजारी पोराची सही. जाताना पुन्हा बघायचं. नवा चरा निघाला की कोणाकडून झाला त्याचं नाव, मग 'मान्य' किंवा 'अमान्य', सही, आणि शेवटच्या चौकटीत पुढचा पत्ता, म्हणजे मागाहून काही विचारायचं झालं तर विचारता यावं. सव्वीस वर्षं हेच चाललंय. आता टॉर्चही मीच धरते. लिहायचं झालं की तो खाली ठेवावा लागतो, त्यामुळे वेळ दुप्पट जातो.

एक सांगायचं राहिलं. पोरांचं हे अभ्यासकेंद्र इथून हलतंय. डिसेंबरात. स्टेशनपलीकडे नवी इमारत बांधलीय. लिफ्ट आहे, आणि भिंती अशा की कुणी डोकं आपटलं तरी नोंद करायला नको. राजवाडा दुरुस्तीसाठी बंद होणार, दहाएक वर्षं तरी. मागच्या फाटकाजवळच्या आपल्या दोन खोल्याही रिकाम्या करायच्यात. माझं मी बघेन. तुझ्याकडे यायचं म्हणून लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

आरसेमहालातला मोठा आरसाही उतरवणार आहेत. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

आई


२३ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र मिळालं असणार. टपालखात्यावर माझा विश्वास आहे. तुझ्यावरही आहे, तू उत्तर देणार नाहीस यावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि पीळ कुणाचा ते मला कशाला विचारायचं.

सात नंबरच्या खोलीतली मुलगी तापाने पडली होती. चार दिवस तिला सूप नेऊन दिलं. आमची पद्धत तुला माहीत आहे: दार तीनदा वाजवायचं आणि थांबायचं. आतून 'या' ऐकू आल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगी आहे. बस चालवते."

"तिच्या दारावर पण अशीच टकटक करता?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. तुझ्या खोलीचं दार मी कधी म्हणजे कधी वाजवलं नाही. ढकललं की आत. "आई, दार असतं त्याला!" असं तू ओरडायचीस, आणि मी म्हणायचे, माझ्याच घरात मी काय अर्ज करू? त्या चोवीस पोरांना मिळायचं ते तुला मिळत नव्हतं. तू एकदा तसं म्हणालीही होतीस, सगळ्यांची आई आहेस, माझी सोडून. तेव्हा मी तुला उद्धट म्हटलं होतं.

बाकी दिवस जातो. पाचला पोरं वर्गांतून सुटतात आणि गावात पांगतात, मग ह्या एवढ्या वाड्यात मी आणि घड्याळं. ओट्याशी उभ्या उभ्याच खाऊन घेते. एकटीसाठी ताट काय वाढायचं? परवा मोठ्या जिन्यात उगाच तुला हाक मारून पाहिली. तुला सांगायला हरकत नाही, आवाज अजून तसाच घुमतो.

आरशाबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण राहवत नाही. भिंगरे, तू तेव्हा बोलली का नाहीस? आरसेमहाल बंद होता, माझ्या जुडग्यातली किल्ली तुझ्या हातात, आणि दीडशे वर्षांच्या आरशाला वरपासून खालपर्यंत तडा. मी विचारलं, "तू?" तू म्हणालीस, "मी नाही." मी म्हटलं, "मग कोण?" तर तोंडाला कुलूप. मी काय समजायचं होतं? पोटच्या पोरीला वगळलं असतं तर तोवर लोकांच्या पोरांकडून घेतलेल्या सह्यांना काय अर्थ राहिला असता? मी तुझं नाव लिहिलं. तू सही केली नाहीस, म्हणून 'सही करण्यास नकार' असंही लिहिलं. नियमाप्रमाणे.

तुझी जागा गेली ती माझ्यामुळे नाही. कर्मचाऱ्यांच्या मुलांतून दरवर्षी एकालाच तिकडच्या विद्यापीठात चार वर्षं पाठवायचे, आणि वहीत ज्याच्या नावावर नोंद आहे त्याला पाठवायचं नाही, हा नियम तेव्हाच्या संचालकसाहेबांचा होता. माझा नाही.

वाचून बघितलं. नुसती कैफियत झालीय. तरी पाठवते.

आई


११ ऑक्टोबर

भिंगरे,

आज कुरळी आली होती, तडा गेला त्या वर्षीच्या तुकडीतली तुझी मैत्रीण.

राजवाडा बंद व्हायच्या आधी बघून जा म्हणून केंद्राने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. निरोप घेताना सगळी सांगून जातात, नक्की परत येऊ. आली किती? सव्वीस वर्षांत कुरळी धरून तीन. आता तिला कुरळी म्हणायची सोय राहिलेली नाही, केस सरळ करून घेतलेत आणि दोन मुलांची आई झालीय. मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य, "तुमची मुलगी कुठे आहे?"

मी म्हटलं, लांब.

तिला आरसा बघायचा होता. मी कुलूप काढलं. ती आरशापुढे उभी राहिली, तड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा अजून तसाच आहे? मला वाटलं बदलला असेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तिने तुम्हाला सांगितलं ना शेवटी?"

मग तिने सगळं सांगितलं. आरसेमहालाची गुळगुळीत फरशी, बाहेर थंडी, तुम्ही दोघी लोकरीचे मोजे घालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत होतात. किल्ली तू घेतलीस, कारण तिला आत काय आहे ते बघायचं होतं. तिला थांबता आलं नाही. गळ्यातला कॅमेरा आरशावर आपटला. तिच्या नावावर आधीच एक नोंद होती, इस्त्रीने खिडकीची चौकट जाळल्याची. दुसरी झाली असती तर तिला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिने तुझ्याकडून वचन घेतलं आणि तू दिलंस. "मला वाटलं, तुम्ही तिची आई आहात, तुम्ही तिला काय करणार?" असं म्हणून ती रडायला लागली. तुझी जागा गेली हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. मी सांगितलं. सांगताना मला थोडं बरंही वाटलं, ते चूकच आहे, पण वाटलं.

तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

मला हे आज कळलं. माझी चूक झाली. मी नीट पाहायला हवं होतं. झालं गेलं ते परत येत नाही, पण आईला माफ कर.

आई


१४ ऑक्टोबर

परवाच्या पत्रातली एक ओळ खोटी आहे. 'मला हे आज कळलं,' ती.

तीन दिवस झाले, मी जिथे उभी राहते तिथे ती ओळ येऊन उभी राहते. आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका लिहून काढल्या. स्वतःची लिहायला घेतली तेव्हाही हातचं राखूनच लिहिली. आता सरळ लिहिते. तू वाच किंवा फाड.

मला अकरा वर्षांपूर्वी कळलं होतं, तडा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी.

नोंद लिहिली तेव्हा मी आरसा नीट पाहिलाच नव्हता. तू समोर, किल्ली तुझ्या हातात, आणि माझं डोकं फिरलेलं. तिसऱ्या दिवशी सुतारकाका चौकटीचं माप घ्यायला आले म्हणून मी टॉर्च आडवा धरला. तडा छातीच्या उंचीवर सुरू झाला होता. तिथे काचेला काळा रंग लागला होता आणि खाली चौकटीच्या खाचेत एक काळा तुकडा पडला होता, नखाएवढा. सुतारकाकांना दिसायच्या आत मी तो उचलला. मग कुरळी वर्गात असताना तिच्या खोलीत धूळ झटकायला गेले. कॅमेरा टेबलावर होता, त्याचा एक कोपरा उडालेला. तुकडा लावून पाहिला. बरोब्बर बसला.

साहेबांचं पत्र तेव्हा गेलं नव्हतं. तुझी जागा काढून घ्यावी असं तिकडे कळवणारं पत्र. ते पाचव्या दिवशी गेलं. म्हणजे पुरते दोन दिवस तो तुकडा माझ्या एप्रनच्या खिशात होता. वर जाऊन दार वाजवलं असतं, तीनदा, आणि म्हटलं असतं, साहेब, माझी चूक झाली, तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. मी दोनदा जिना चढले. दोन्ही वेळा वरच्या पायरीवरून परत फिरले.

लोकलाजेसाठी नाही, गं. इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत होते, की नोंद बदलली असती तर वहीवरचा सगळ्यांचा विश्वास उडाला असता. ते निमित्त.

मला तू जायला नको होतीस.

तुझे बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची. तेरा वर्षं त्या दोन खोल्यांत तू आणि मी. जागेचं पत्र आल्यापासून तू माझ्याशी बोलतानाही तिकडच्यासारखं बोलायला लागली होतीस. कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली होतीस, जायला पाच महिने असताना. चार वर्षांनी परत येईन असं म्हणायचीस. भिंगरे, मी निरोपांवर जगलेली बाई आहे. परत येईन म्हणणाऱ्यांचं काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला वाटलं, हे एक वर्ष हुकलं तर पुढे तू विसरशील, इथेच केंद्रात चिकटशील, संध्याकाळी दोन ताटं वाढायची राहतील. म्हणून मी गप्प बसले. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी.

तू महिन्याभरात घर सोडलंस. समुद्रापलीकडे गेली असतीस तर सुट्टीत तरी आली असतीस. मी तुला जवळ ठेवायला गेले आणि पार घालवून बसले.

माफ कर असं परवा लिहिलं होतं. ते मागे घेते. कशाबद्दल माफी मागतेय तेच सांगितलं नव्हतं, मग तू माफ कशाला करायचं होतंस?

तुकडा अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे.


१८ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं उत्तर नाही, आणि आता मी वाटही बघत नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. टपालवाला हल्ली मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

संचालकबाईंकडे गेले होते. साहेबांच्या जागी आता ह्या आहेत, तुझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मावशी, इतकी जुनी गोष्ट. आता कोणाला काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "माझ्या मुलीला पडतो. मला नोंद दुरुस्त करायचीय."

त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि म्हणाल्या, "करा. पण ज्याचं नाव आहे त्याची सही झाल्याशिवाय दुरुस्ती धरायची नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलंय. अक्षर तुमचं आहे." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

वही पंधरा डिसेंबरला राजवाड्याच्या विश्वस्तांकडे जमा होणार. त्यानंतर ती कपाटात बंद. म्हणजे पंधरा तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर हा आरसा तू फोडलास हेच कायमचं राहणार. शंभर वर्षांनी कुणी वही उघडली तरी तुझंच नाव.

म्हणून पान पाठवतेय. सुतारकाकांच्या पातळ पात्याने कापलं. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यांना मी झापलंय, आणि त्याच वहीवर हे पातं मीच चालवलं. कड जरा वाकडी गेलीय.

तुझ्या नावावर मी रेघ मारलेली नाही, खोडायची परवानगी नाही. खाली नवी ओळ लिहिलीय ती बघ. वस्तू: मोठा आरसा. काय झालं: तडा. कोणाकडून: पाहुण्या विद्यार्थिनीकडून, अपघाताने. आधीच्या नोंदीचं कारण: नोंद करणारीने ती खोटी आहे हे कळूनही बदलली नाही, मुलगी लांब जाऊ नये म्हणून. खाली माझी सही आहे. पुढे 'मान्य', 'अमान्य', तुझी सही आणि पत्ता ह्या चौकटी रिकाम्या आहेत. पत्ता मी मुद्दाम भरला नाही. मला तो चोरून मिळालाय.

मी जे लिहिलंय ते खरं वाटलं तर 'मान्य' कर. नाही वाटलं तर 'अमान्य'. सोबत काळा तुकडाही ठेवलाय. तो वहीचा नाही, तुझा आहे.

कालच आरसा उतरवला. सहा माणसं लागली. मागची भिंत पांढरीफटक निघाली, तिच्यावर कुणाचाच ओरखडा नाही. तिथून जाताना सवयीने पदर सारखा करायला थांबले आणि समोर मी नव्हतेच.

आई


१३ डिसेंबर

भिंगरे,

मंगळवारी पोरं गेली. सात नंबरवाली गळ्यात पडून म्हणाली, नक्की परत येईन. मी म्हटलं, ये. नव्या इमारतीत चहा बरा मिळतो म्हणतात.

काल दुपारी टपालवाल्याने लांबून मान हलवली नाही. फाटकापर्यंत आला.

लिफाफ्यात पत्र नव्हतं. मी तो उलटा करून झटकला, आत बोट घालून पाहिलं. फक्त पान. तुकडा नव्हता, तो ठेवलास वाटतं.

'मान्य' वर खूण आहे. शेजारी सही. तुझी सही बदललीय, पहिलं अक्षर मला ओळखूच आलं नाही. खूण करताना पेन इतकं दाबलंयस की मागच्या बाजूने बोटाला लागतं. माफ केलं असं कुठे लिहिलेलं नाही. तशी चौकटच नाही वहीत, आणि मी ती आता आखणारही नाही. मान्य म्हणजे, जे झालं ते असंच झालं. ते वाचून मी ओट्याशी बसून रडले, आणि ह्या खेपेला नाटक अर्धंसुद्धा नव्हतं.

पान घेऊन संचालकबाईंकडे गेले. त्यांनी स्वतः कागदाची पट्टी लावून ते वहीत चिकटवलं. चिकटवता चिकटवता म्हणाल्या, "मावशी, पत्त्याखालचं वाचलंत का?"

मी तेवढं वाचलंच नव्हतं. सहीच्या पुढे माझे डोळे गेलेच नव्हते. पत्ता तोच आहे, मावशीने दिला होता तो, पण आता तुझ्या हातचा. आणि खाली बारीक अक्षरात: 'तिसरा मजला, डावीकडे. बेल बंद आहे. दार वाजवावं लागेल.'

मी ते तिथेच उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. संचालकबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. शहाणी मुलगी आहे.

दोन खोल्यांतलं सामान बांधून झालंय. ते मावशीकडे जाईल, मीही तिच्याकडेच राहणार आहे, तेव्हा घाबरू नकोस. किल्ल्यांचं जुडगं काल जमा केलं. कंबरेला हात जातो आणि काही लागत नाही. गुरुवारी तुला दुपारनंतर सुट्टी असते असं मावशी म्हणते. ह्या नाही, पुढच्या गुरुवारी मी निघते. सकाळची गाडी आहे. स्टेशनवरून तुझीच बस मिळाली तर तिकीट काढून मागे बसेन, बोलणार नाही. नाहीतर चालत येईन.

तिसरा मजला, डावीकडे. तीनदा वाजवीन आणि थांबेन. आतून आवाज आला नाही तरी ढकलणार नाही.

आई